जिनिंगच्या आवारातला तास

"कॅमेरा वरती कोपऱ्यात लावू, पंख्याच्या मागं," अक्षय म्हणाला. "बायायले कळनार बी नाही, काकू."

"मले तर कळन ना," हमीदा म्हणाली.

एवढंच म्हणाली, पण तिचा तो सूर अक्षयला ठाऊक होता. जिमचा मालक तो, बोर्डावर नाव त्याचं, तरी तो उगाच इकडचे डंबेल्स तिकडे लावू लागला.

दिग्रसच्या बसस्टँडमागे, हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर ही जिम. हमीदा इथे आली ती झाडूपोछा करायला. बायकांना शिकवणारी मॅडम यवतमाळहून एसटीने यायची. ती लग्न होऊन गेली आणि दुपारी बाराची बायकांची बॅच बंद पडायला आली. आठ दिवस बाया आल्या, कुलूप पाहून परत गेल्या. नवव्या दिवशी हमीदाने पोछा बादलीत टाकला, हात पुसले आणि म्हणाली, या, मी सांगते. तीन वर्षं फरशी पुसता पुसता तिने सगळं पाहून घेतलं होतं. मॅडम काय सांगायची ते, आणि मॅडमचं कुठे चुकायचं तेही. दहावी नापास बाई, पण कोणाचा गुडघा आत वळतो, कोण श्वास कोंडून धरते, हे तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. तेव्हा सात बाया होत्या, आता एकतीस होत्या. त्यांत साठीची तानाबाई होती. जन्मभर कापूस वेचून तिचा खांदा वर जायचा बंद झाला होता, ती आता स्वतःची वेणी स्वतः घालत होती. नमाजाला खुर्ची लागणाऱ्या दोघी-तिघी आता जमिनीवर बसून आपल्या आपण उठत होत्या. बारीक मात्र फारसं कोणी झालं नाही आणि हमीदाला त्याची फिकीरही नव्हती. बारीक व्हायचं तर घरी उपाशी राहा, इथे मजबूत व्हायला या, असं ती तोंडावर सांगायची.

तिचा नियम एकच, पण पक्का. दाराबाहेर टोपली ठेवलेली असायची, सगळ्यांचे मोबाइल त्यात. दार आतून बंद. फोटो नाही, व्हिडिओ नाही, आतली गोष्ट बाहेर नाही. अर्ध्याअधिक बाया या एका शब्दावर येत होत्या. नुजहतचंच घ्या. कापडवाल्यांच्या मोठ्या घराची सून, दुसऱ्या बाळंतपणात कंबर धरली ती सुटेचना. घरी शिवणक्लास सांगून ती यायची. पहिल्या दिवशी हमीदाचा हात धरून तिने विचारलं होतं, बाजी, कोणाला कळणार नाही ना? हमीदा म्हणाली होती, माझ्याकडून तर नाहीच.

आणि आता हा कॅमेरा.

बोंडअळीचं साल होतं ते. दसऱ्याला कापसाची पऱ्हाटी हिरवीगार, पाहणाऱ्याची दृष्ट लागावी अशी, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. संक्रांतीच्या आतच लोकांनी उभ्या पिकात ट्रॅक्टर घातले. दिग्रसात कापूस बिघडला की कपड्याचं दुकान, सोनार, सलून सगळंच बिघडतं, आणि आता त्यात जिमही आली. संध्याकाळची पोरं अर्धी झाली. अक्षय घाबरला आणि मोठ्या शहरातल्या एका कंपनीला जाऊन मिळाला. कंपनी मशिनं देणार, स्वतःचा बोर्ड देणार, पण शिकवणाऱ्याकडे कंपनीचं सर्टिफिकेट पाहिजे. हल्ली सगळीकडे असंच चाललंय म्हणे. सर्टिफिकेट नसेल तर बायकांच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही लागेल आणि त्यातून कुठल्या तरी शहरातली मुलगी सगळ्या महाराष्ट्राला एकदम व्यायाम शिकवेल. टीव्हीचं खोकं येऊनही पडलं होतं. हमीदा रोज त्याच्याभोवती झाडायची.

मोबाइलवरचे चाळीस धडे तिने चष्मा लावून पुरे केले. लेखी पेपर मराठीत होता, तोही दुसऱ्या खेपेला निघाला. तिला स्वतःचंच नवल वाटलं. राहिला शेवटचा भाग. निदान दहा माणसांना अर्धा तास शिकवतानाचा व्हिडिओ पाठवायचा, शिकवणारीचा आणि शिकणाऱ्यांचा चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. मुदत फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत.

बॅचला तिने सगळं उघड सांगितलं. तानाबाई लगेच म्हणाली, माझा काढा फोटो, मला आता कोण पाहतंय. आणखी चौघी-पाचजणी तयार झाल्या. दहा काही होईनात. नुजहतने फक्त आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. ते पाहून हमीदानेच विषय मिटवला. इथे कोणाचाच व्हिडिओ निघणार नाही, ती म्हणाली, एकीचाही नाही. आज पाच जणींचा निघाला तर उद्या उरलेल्यांच्या घरी विचारतील, तू काहून नाही त्यात?

पण अक्षयने दाखवलेला तो पंख्यामागचा कोपरा दोन दिवस तिच्या मनातून जाईना. खोटं कशाला सांगा, तिने तिथे उभं राहून वर पाहिलंसुद्धा. खरंच कोणाला कळलं नसतं. आणि आपण उभी केलेली बॅच, आपलं हे एकच कमावलेलं काम, टीव्हीतल्या पोरीच्या हाती द्यायला तिचा जीव होत नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने स्टूल घेतलं, त्या कोपऱ्यातली जाळी झाडून काढली आणि खाली उतरली.

त्याच दुपारी ती नवऱ्याचा डबा घेऊन जिनिंगवर, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात गेली. इम्तियाज तिथे फिटर होता. दर साली या दिवसांत फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग असायची आणि आत बोललेलं ऐकू यायचं नाही. यंदा मशिनं गप्प, आवार रिकामं. निंबाखाली हमाल पत्ते खेळत बसले होते. त्यांचा म्होरक्या देवसिंग, तांड्यावरचा, पन्नाशीचा गडी, पाणी प्यायला उठला तो गुडघ्यावर हात टेकून, तोंड वाकडं करत. हमीदाने मनातल्या मनात सगळे मोजले. अकरा होते.

इम्तियाजला सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला घास तसाच राहिला.

"तू आन हमालायले शिकवशीन?" तो म्हणाला. "तोंड उघडं ठेवून? साजिदभाई काय म्हनन?"

साजिद त्याचा थोरला भाऊ. घराण्यात त्याच्या शब्दापुढे कोणी जात नसे.

"बायायचे चेहरे माहे नाहीत देयाले," हमीदा म्हणाली. "माहा चेहरा माहा आहे. तो मी देईन."

इम्तियाज बराच वेळ जेवला नाही. मग जेवला, डबा धुतला, आणि देवसिंगला हाक मारायला स्वतः गेला. त्या एका गोष्टीसाठी हमीदाने त्याचे मागचे सगळे गुन्हे माफ केले आणि ते काही थोडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आवारात दहा हमाल रांगेत उभे राहिले. अकराव्याने लाजून अंग काढून घेतलं. हमीदाने बुरखा काढून घडी करून खुर्चीवर ठेवला. सलवार-कमीज, ओढणी डोक्यावरून घेऊन कमरेला घट्ट खोचलेली, चेहरा उघडा. इम्तियाजने मोबाइल दोन्ही हातांनी धरला. तो हलू नये म्हणून भिंतीला टेकून उभा राहिला. हमाल एकमेकांना कोपरं मारून हसत होते. ऑफिसातला मुनीमही बाहेर येऊन पाहू लागला.

अडचण पहिल्याच मिनिटाला आली. बायकांच्या पाठीवर हात ठेवून ती पाठ सरळ करायची. इथे कोणाच्या पाठीला हात लावणार? तिने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीशी बांबू पडले होते. प्रत्येकाला एकेक दिला आणि पाठीमागे उभा धरायला सांगितलं. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी बांबू टेकला पाहिजे. वाका, पण बांबू सुटता कामा नये.

"एक," ती म्हणाली.

कोणी वाकलंच नाही. दहाच्या दहा तसेच उभे. हमीदाला वाटलं, ऐकणार नाहीत हे बाईचं.

"भाभी, मालावर एक म्हनत नसते," देवसिंग समजुतीने म्हणाला. "पयला लाभ. एक म्हनसान तं हात उचलत नाही आमचा."

पोतं मोजा नाहीतर धान्य मापा, पहिल्याला लाभ म्हणायचं ही बाजारातली जुनी रीत. तिचा बापही बाजारात मापारी होता, तिला हे ठाऊक असायला हवं होतं.

"लाभ," हमीदा म्हणाली, आणि रांग वाकली. "दोन. तीन. चार."

पुढे तिने पोतं मागवलं. उचलून दाखवा म्हणाली. देवसिंगने ते कमरेतून वाकून, झटक्यात पाठीवर घेतलं. ती म्हणाली, चुकलं. आता हसणं थांबलं. हमालाला पोतं उचलता येत नाही असं म्हणणं म्हणजे काय, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. भिंतीशी इम्तियाजने मान खाली घातली.

"तीस वर्स झाले मले, भाभी," देवसिंग म्हणाला.

"म्हनूनच पानी प्यायले उठता तं तोंड वाकडं होते," हमीदा म्हणाली. "ताकदीत तुमी कमी नाही, भाऊ. तीस वर्सं कोनी सांगतलंच नाही तुमाले. मी सांगून राह्यली. पाहा एकडाव करून."

तिने स्वतः करून दाखवलं. पाय फाकवले, बूड मागे नेलं, पोतं छातीशी ओढलं, मांड्यांच्या जोरावर अर्धं उचललं आणि ठेवलं. देवसिंगने पाहिलं. पोत्याभोवती एक फेरी मारली आणि तिने सांगितलं तसं उचललं. उभा राहिल्यावर तो क्षणभर तसाच राहिला, कुठे काही दुखतंय का याची वाट पाहत. मग दुसऱ्यांना म्हणाला, करा रे, बाई म्हणते तसं. पुढचा अर्धा तास कोणी हसलं नाही. घाम आला, मुनीम आत निघून गेला, आणि हमीदा रांगेतून फिरत, ओरडत, बांबू नीट धरायला लावत होती. समोर मोबाइल आहे हे ती विसरून गेली. पुरुष आहेत हेही विसरली. पुढे दहा पाठी होत्या आणि तिला पाठींमधलं कळत होतं.

आठ दिवसांनी निकाल आला. शंभरपैकी चौसष्ट, पास व्हायला साठ लागत होते. जागा योग्य नाही म्हणून मार्क कापले, मोजणी नीट नाही म्हणूनही कापले. शरीराची ठेवण सुधारणे या रकान्यात मात्र वीसपैकी वीस. अक्षयने मोबाइल तिच्यापुढे धरला. ते वीस तिने तीनदा वाचले आणि तिला इतका अभिमान वाटला की काय करावं ते सुचेना. अक्षयने टीव्हीचं खोकं परत पाठवलं.

कंपनीने व्हिडिओ नेटवर टाकला. तशी परवानगी फॉर्मवर होती आणि हमीदाने वाचूनच सही केली होती. चार दिवसांत तो दिग्रसभर फिरला. कोणी वा म्हणालं, कोणी थू म्हणालं. तानाबाई पेढे घेऊन आली. नुजहत दार लागल्यावर जवळ आली आणि हमीदाच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली.

साजिद काही बोलायला आला नाही. त्याच्या मुलीचं, अस्माचं, लग्न होतं पुसदला. पत्रिका आली ती एका माणसाच्या हाती. पाकिटावर नुसतं इम्तियाज. दर वेळचं 'मय फॅमिली', म्हणजे सहकुटुंब, लिहिलेलं नव्हतं. अस्माच्या हातावर पहिली मेंदी हमीदाने काढली होती, पोरगी सात वर्षांची होईतो अर्धी हिच्याच घरी वाढली होती. हमीदाला रडू आलं आणि ती पोटभर रडली. इम्तियाज म्हणाला, मीही जात नाही. ती म्हणाली, जा, तुमचा भाऊ आहे, पोरीला वाईट वाटेल. त्याची शेरवानी तिने स्वतः इस्त्री केली, पोरीसाठी घेतलेला कपड्यांचा जोड त्याच्या पिशवीत घातला.

लग्नाच्या दिवशी सकाळच्या गाडीने तो पुसदला गेला. घरात बसून राहिलं असतं तर दिवस गेला नसता. साडेअकराला तिने बुरखा घातला, नकाब ओढला आणि जिमला निघाली. जिनिंगवरून जाणारा रस्ता जवळचा.

फाटकाबाहेर सावलीत हमाल बसले होते. काम अजून नव्हतंच. नकाबातल्या बाया त्या रस्त्याने दिवसभर जात-येत असतात, कोणी मान वर करून पाहत नाही. हमीदा खाली बघून पुढे जात होती. देवसिंगने तिची चाल ओळखली. तो उठून उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा, आणि बघता बघता रांगेतले सगळे उभे राहिले.

हमीदा थांबली.

"बसा," ती म्हणाली, आणि बाराच्या आत पोचायचं होतं म्हणून भरभर चालू लागली.