गोट्यांच्या उरावर बसलेला गाळ

मी एक जुना गाळ आहे, मित्रांनो. नाक दाबू नका, तुमचा भात माझ्यासारख्यांच्याच जिवावर पिकतो. सानगडीकडच्या एका बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या तळाशी मी तीनशे वर्षं पडून होतो. एकदा एक रेडा माझ्यात रुतला, तो चौथ्या दिवशी पलीकडच्या गावात निघाला आणि तिथेच संसाराला लागला. पटत नसेल तर रेड्याला विचारा.

यंदा बोडी खोल करायला मशीन आलं आणि सगळा तळ खरवडून गेलं. आमचं गुलाबी कमळही गेलं. त्याचे तीन कांदे, म्हणजे जमिनीतले कंद, तेवढे गावातल्या कुंताबाईंनी ओल्या पोत्यात गुंडाळून वाचवले, आणि दहा-बारा पोती मी. गावात पाणी उरलं नव्हतं, म्हणून त्या आम्हाला तुमसरला राइस मिलवाल्या भैय्यालाल शेठच्या बागेत घेऊन आल्या. शेठने तिथे 'नैसर्गिक' तळं केलं होतं. खाली निळं प्लास्टिक, त्यावर संगमरवरी पांढरे गोटे, मधोमध सिमेंटचा बगळा. गोट्यांनी जन्मात एक मुळी धरलेली नाही, पण तोरा असा की जणू तळं त्यांनीच खोदलं.

"हा चिखल कायले आणला, बाई? मले पाणी काचेवानी पाह्यजे."

"काचेत कमळ नाही येत जी."

"कसं नाही येत? माह्या बांधीतला धान पाहा."

मला कोपऱ्यात ढकललं. शेठने कांदे गोट्यांत खोचले आणि धानाला टाकतात तसा ओंजळभर युरिया फेकला. आठ दिवसांत पाणी इतकं हिरवं झालं की शेजारची म्हैस चारा समजून कुंपण चाटू लागली. शेठच्या घरी कामाला असलेल्या निर्मलाबाई सकाळी गोटे ब्रशने घासायच्या, संध्याकाळी ते पुन्हा हिरवे. एक कांदा सडला. मग दुसरा.

कुंताबाई आल्या. उरलेला कांदा हातात घेऊन काठावर बसल्या.

"दुसरा घेऊ बाजारातून," शेठ म्हणाले.

"आमच्या बोडीचा बाजारात नाही भेटत जी. हा गेला का सरला."

शेठ स्वतःच पंप घेऊन आले.

मग पाणी उपसलं. कुंताबाईंनी मला गोट्यांवर वीतभर पसरलं आणि रोवणीच्या बांधीसारखं, म्हणजे भाताच्या खाचरासारखं तुडवलं. शेठलाही पॅन्ट वर करून उतरवलं. कांदा आडवा ठेवला, कोंब वर. वरून जाड रेती, पुन्हा पाणी भरल्यावर शेठच्या मासोळ्यांनी मला उकरू नये म्हणून. काठाला देवधान, म्हणजे रानभात. खत मुळीच नाही.

"आता हात नका लावू जी."

शेठ रोज सकाळी हात मागे बांधून उभे राहायचे. एकविसाव्या दिवशी पहिलं पान पाण्यावर पसरलं. त्यांनी लगेच कुंताबाईंना फोन लावला.

"पान निंगलं, बाई."

"पुढल्या उन्हाळ्यापर्यंत याचे कांदे वाढतील, ते काढून बोडीत नेऊ जी. अन् माहा गाळ वापस द्या."

मित्रांनो, तळी खुशाल खोल करा. पण तळाचा एक कोपरा तरी आमच्यासाठी ठेवा. आम्ही दुकानात मिळत नाही. मी पुढच्या उन्हाळ्यात कमळाला घेऊन घरी जाणार आहे. गोटे इथेच राहतील. त्यांना न्यायला कोणी येणार नाही.