कुंकू लावलेला चार्जर

मी विजेच्या गाडीचा चार्जर बोलतोय. मस्कतच्या वादी कबीर भागात, एका भाड्याच्या घराच्या पार्किंगमध्ये भिंतीला टांगलेला असतो. एका बाजूला चपलांचं स्टँड, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, शेजारी एसीचं पाणी ठिबकतं ते वेगळंच. इथवर सगळं मला नीट सांगता येतं. घर कोणतं असं विचारलंत की मात्र मी गडबडतो. ऐका आणि तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कारखान्यात झाला, एवढं नक्की. कुठल्या देशातल्या, ते खोक्यावर छापलं होतं, पण मी खोक्याच्या आत होतो. खोकं उघडलं ते अमेरिकेत, जयप्रकाशच्या गॅरेजमध्ये. जयप्रकाश मूळचा चिपळूणचा, तिकडे नोकरीला. त्याने मला भिंतीवर बसवून घेतलं, जरा मागे जाऊन पाहिलं आणि फोटो काढला.

मला वाटलं, कौतुकाने काढला. नंतर कळलं, फोटो सरकारसाठी होता. तिथे म्हणे आपल्या राहत्या घरी माझ्यासारखा चार्जर बसवला, की भरायच्या टॅक्समधली काही रक्कम सरकार सोडून देतं. त्याला टॅक्स क्रेडिट म्हणायचं. जयप्रकाशने ते मागितलं, त्याला ते मिळालं, आणि पुढे कितीतरी दिवस तो फोनवर ज्याला त्याला ही गोष्ट ऐकवत होता.

मला यातलं काही उमगेना. भिंतीवर मी लटकणार, गाडीला वीज मी देणार आणि सरकार खूश होणार जयप्रकाशवर. पण नवा होतो, गप्प बसलो.

मग त्याने गाडी बदलली. नव्या गाडीबरोबर दुसरा चार्जर आला आणि मी खाली उतरलो. त्याच सुमारास मस्कतहून त्याच्या ताईचा, सुगंधाचा फोन आला.

सुगंधाने गाडी घेतली होती. ही साधी गोष्ट नव्हे. ओमानात ड्रायव्हिंगचं लायसन म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणारं प्रकरण. पिंपांच्या मधून गाडी उलटी घेऊन दाखवावी लागते, पिंपाला धक्का लागला की खलास. सुगंधा इतक्या वेळा नापास झाली की तिचा नवरा दयानंद म्हणायला लागला, "अगं, जाऊ दे. मी आहे ना सोडायला." ती पुन्हा परीक्षेला बसली आणि पास झाली. ती घरी जेवणाचे डबे करते. आधी दयानंदला सुट्टी असेल तेव्हाच डबे लांब जायचे. आता तिने स्वतःच्या कमाईतून गाडी घेतली आणि रुवीपासून दारसैतपर्यंत स्वतः डबे पोचवायला लागली.

घोळ एवढाच झाला, की गाडी अमेरिकेत वापरलेली, जहाजातून इकडे आलेली. तिचं चार्जिंगचं तोंड तिकडचं. इथले चार्जर तिला लागेनात.

"जयू, आता काय करू रे?" तिने विचारलं.

"काळजी करू नकोस ताई. माझ्याकडे एक पडलाय."

पडलाय म्हणे. असो. तो मस्कतला आला तेव्हा त्याच्या बॅगेत चॉकलेटं होती, भाची आकांक्षासाठी बूट होते आणि टॉवेलात गुंडाळलेला मी होतो. गल्लीतल्या गॅरेजशेजारच्या इलेक्ट्रिशियन हुसैनमियाँनी मला भिंतीवर चढवलं. घरमालक सालेम स्वतः बघायला आले; इकडे मालकाला अर्बाब म्हणतात. म्हणाले, "दीवार मेरा, गाडी सिस्टर का. लगाओ, लगाओ."

दयानंदला राहवलं नाही. "अर्बाब, इधर गव्हर्मेंट कुछ छोडता है क्या? अमेरिका में साले को मिला."

"तुम पगार में से टॅक्स दिया?"

"इधर पगार पे टॅक्स किधर है, अर्बाब?"

"दिया नहीं, तो छोडेगा क्या?" असं म्हणून अर्बाब हसले आणि दयानंदही हसला.

मला मात्र हसू आलं नाही. तिकडे मी भिंतीवर नुसता असलो तरी टॅक्स सुटत होता. इकडे रोज राबतो, तर सोडायला टॅक्सच नाही. मग माझी किंमत नेमकी कुठे, इथे की तिथे? कोणी सांगेना.

दसरा आला. सुगंधाने गाडी धुतली, पुसली, तिला झेंडूची माळ घातली. मग माझ्याकडे वळली. माझ्या पुढच्या पांढऱ्या अंगावर, जिथे माझा नंबर छापलाय त्याच्या अगदी शेजारी, तिने हळदीकुंकवाचं बोट टेकवलं आणि हात जोडले. आजवर माझे फोटो काढले होते, मला उतरवलं होतं, गुंडाळलं होतं. हात कोणी जोडले नव्हते. मी काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून नेहमीसारखा हिरवा दिवा लावून राहिलो.

त्यानंतर दोनच दिवसांनी जयप्रकाशचा फोन आला. सुगंधाने तो पार्किंगमध्येच घेतला, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"ताई, टॅक्सवाल्यांनी चौकशी काढलीय. चार्जर घरी बसवलेला आहे त्याचा आत्ताचा फोटो मागतायत, नंबरासकट."

"पण तो तर माझ्याकडे आहे."

"म्हणून तर फोन केला. मागे पांढरी भिंत येईल असा एक फोटो काढ. नंबर दिसू दे, बाकी काही दिसू देऊ नको. नाहीतर मी अडकलो बघ, काही वर्षं तो या घरातून हलवायचा नव्हता. आणि तसं नाही जमलं तर तो उतरवून पाठवून दे. मी इथे परत लावतो."

"पाठवून दिला तर माझी गाडी?"

"तुझं काय गं ताई, भाड्याचं घर. उद्या व्हिसा संपला की सामान आवरायचं. ही माझी मुख्य राहती जागा आहे."

सुगंधाने फोन ठेवला. दयानंद म्हणाला, "काढ एक फोटो. भाऊ आहे तुझा. एका फोटोने काय जातंय?"

तिने चपलांचं स्टँड ओढून बाजूला केलं. बाटल्या हलवल्या. आकांक्षाची सायकल लांब नेऊन ठेवली. भिंत उघडी पडत गेली, तसा मी घाबरत गेलो. उघड्या भिंतीवरचा मी खरंच कुठचाही वाटत असणार. मग तिने फोन समोर धरला आणि तिला ते कुंकू दिसलं. तिने फडकं ओलं करून आणलं.

तेवढ्यात आकांक्षा शाळेच्या बसमधून उतरून आली. तिचं मराठी अडखळत चालतं. "आई, तू हे का पुसते? तूच लावला ना? हा आपला आहे ना?"

सुगंधाचा हात तसाच राहिला. फडक्याचं पाणी माझ्या अंगावरून ओघळलं. मला खूप भीती वाटली, आणि तिलाही वाटत असावी, कारण तिचा श्वास मला जवळून ऐकू येत होता.

तिने फडकं पिळून दोरीवर टाकलं. स्टँड परत आणलं, बाटल्या, सायकल, सगळं. मग गाडी पुढे घेतली, अशी की अरबी आकड्यांची नंबरप्लेट मधोमध यावी. आकांक्षाला माझ्याशेजारी उभं केलं. फोटो काढला आणि पाठवला. फोटोखाली आवाजात निरोप ठेवला, "जयू, चार्जर इथे आहे. खरं सांग त्यांना. आणि घर भाड्याचं असलं तरी माझी चूल इथे आहे."

पुढे कितीतरी दिवस त्याचा फोन नाही. आकांक्षाच्या अभ्यासाचं बोलताना, डबे भरताना तिचं लक्ष फोनकडे असायचं. चार्जिंगची वायर लावायला यायची तेव्हा उगाच माझ्यासमोर थांबायची. माझ्यामुळे बहीणभाऊ तुटले असं वाटून मला फार वाईट वाटायचं. मी निघून गेलो तर बरं होईल की वाईट, तेही कळत नव्हतं.

भाऊबीजेला संध्याकाळी फोन वाजला. व्हिडिओवर जयप्रकाश होता, तिकडे सकाळ होती.

"सांगितलं त्यांना," तो म्हणाला. "सुटलेली रक्कम भरून टाकली. लाज वाटली थोडी, पण झोप लागली." मग म्हणाला, "ताई, चार्जर हीच यंदाची ओवाळणी समज. आता तो मला परत नको."

तिने फोन चपलांच्या स्टँडवर टेकवून त्याला ओवाळलं. डोळे पुसले. मग निरांजन तसंच हातात धरून वळली आणि मलाही ओवाळलं.

आता मी यंत्र आहे, ओवाळणी आहे की भाऊ आहे, हे मला सांगता येत नाही. टॅक्स क्रेडिट म्हणजे काय, तेही अजून कळलेलं नाही. दसऱ्याचं कुंकू उन्हाने प्लास्टिकात मुरलंय, थोडं ओघळलंय, पण आहे. एकच मागणं आहे. उद्या यांचा व्हिसा संपला आणि सामान बांधायची वेळ आली, तर मलाही त्याच सामानात घ्या. भिंत कुठली का असेना.