शेंदराचा सांधा

"बसत नसंन तं उलटं फिरव, पोरी. जोरानं दाबलेला आटा बसत नाई, अडकते. अन् अडकलं म्हंजे बसलं, असं समजू नोको."

हा माझ्या वडिलांचा आवाज. ते कोळशाच्या खाणीत फिटर होते. मी लहान होते, कंदिलाच्या टाकीचं झाकण वाकडं लावून पिळत होते, तेव्हा ते हे बोलले. वडील गेले आणि ते बोलणं मी विसरलेही. पुढे गोंडपिपरीच्या आतल्या कोसमबोडीत शाळामास्तरीण झाले, आणि शहाऐंशी साली, धान कापून झाल्यावर, तिथल्या खळ्यावर तो आवाज मला लख्ख ऐकू आला.

खळ्यावर अख्खं गाव लोटलं होतं. मधोमध गुणवंतरावांचा ट्रॅक्टर, मागे पोत्यांनी लादलेली ट्रॉली. ट्रॉलीच्या पोटाखाली जॅक, म्हणजे तेलाच्या जोरावर तिचं तोंड वर उचलणारा लोखंडी नळा. याच ट्रॉलीखाली गेल्या आठवड्यात त्यांचा ड्रायव्हर पोचू सापडला होता. उचललेली ट्रॉली एकाएकी खाली आली आणि त्याची कंबर चेपली. तो चंद्रपूरच्या दवाखान्यात होता. उठेल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. तेव्हापासून ट्रॉलीला हात लावायला कोणी धजत नव्हतं, आणि धान खळ्यावर उघड्यावर पडलं होतं.

"इच्यात बाई बसून हाये!" देवऋषी नानाजी महाराज ट्रॉलीभोवती नाचत होता. "मोकळ्या केसाची, काळ्या दाताची! दिसून राह्यली मले, दिसून राह्यली!"

त्याला अदृश्य बाई दिसत होती. कपाळावर चढवलेला चष्मा मात्र तो मघापासून पिशवीत शोधत होता.

"पह्यले पोते उतरवा. देवीले ओझं सोसत नाई."

"किती उतरवू, महाराज?"

"सारेच! त्यातले चार देवीच्या ठाण्यावर पोचवा."

देवीचं ठाणं म्हणजे महाराजाची झोपडी. पोती उतरली. महाराज ट्रॉलीखाली सरपटला. तेलाची रबरी नळी जॅकला जिथे जोडतात, तिथून निसटलेलं लोखंडी निपल, म्हणजे आट्यांचा जोडतुकडा, त्याने घेतलं, त्याच्या आट्यांवर लाल दोरा गुंडाळला, तेलात कालवलेला शेंदूर माखला, ओठ हलवले आणि निपल परत पिळून बसवलं. गुणवंतरावांनी दांडा ओढला. ट्रॉली वर गेली. वर गेली आणि तशीच थांबली.

"जय हो! जय हो देवीचा!"

बायांनी तांदूळ उधळले, महाराजाने मंतरलेला नारळ ट्रॉलीपुढे ठेवला. माझ्या शेजारची म्हातारी रडत होती.

"आता ती बाई कोन, तेही देवी सांगते," महाराजाने डोळे फिरवले. "खळ्याले दार लागून हाये तिचं."

खळ्याला लागून एकच दार होतं. सुगंधाबाईचं.

सुगंधाबाई एकटी, विधवा. डोक्यावर टोपली घेऊन फण्या-दोरे विकत फिरायची. तिची हाळी गल्लीत शिरली की आमच्या पोरी वर्गातून खिडकीशी धावायच्या:

फणी घ्या वो बाई, दोरा घ्या वो ताई,
केसाचा गुंता मनात नेऊ नाई.

अपघाताच्या आदल्या बाजारी पोचूने तिला ट्रॉलीत बसू दिलं नव्हतं. "जाय बापा, तुही गाडी तुलेच लखलाभ," एवढंच ती म्हणाली होती. आता तेवढंच गावाला मंत्रासारखं आठवलं.

तिला टोपलीसकट ओढून आणलं.

"ट्रॉली भरा, वर करा अन् इले खाली बसवा," महाराज म्हणाला. "सत्त्वाची असंन तं देवी धरून ठेवीन."

"अन् पडली तं?" सुगंधाबाईने विचारलं.

"तं तू चेटकीन."

"म्हंजे मेल्यावर समजन मले मी कोन होती ते. वा रे देवा!" तिचा आवाज हसल्यासारखा निघाला. टोपली मात्र तिने छातीशी घट्ट धरली.

माणसं पोती चढवू लागली.

मी गुणवंतरावांकडे धावले. "भाऊ, थांबवा हे. बाई मरेल!"

"मास्तरीणबाई, गाव ऐकत नाई." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "पोचूचं काई झालं तं लोकायले मी काय सांगू?"

पोचूची बायको मनकर्णा कडेला उभी होती. दवाखान्यातून ती कालच पोरांना बघायला आली होती. तिचे खांदे मी धरले. "तू बोल, मनकर्णा. तुझं ऐकतील."

तिने पदर तोंडात कोंबला आणि मान फिरवली.

गोंडपिपरीची बस दुपारनंतर. तिथून पोलीस यायचे कधी? पोती भरत आली. मी ओरडले, "आधी महाराजांचा नारळ ठेवा खाली! आपला नारळ तरी देवी सांभाळेल!"

"देवीची परीक्षा घेता?" महाराज खवळला.

"बाईची घेतली तं चालते काय?" मागून कोणी म्हातारा बोलला. चार जण हसले, आणि त्या हसण्यातच कोणीतरी नारळ खाली ठेवला.

दांडा ओढला. भरलेली ट्रॉली करकरत छातीएवढी वर आली. मग निपलाभोवती तेल पाझरलं. शेंदूर धुऊन ते लालभडक ठिबकलं.

"रक्त! रक्त!"

फाटकन आवाज झाला. तेलाची पिचकारी उडाली आणि ट्रॉली धाडकन खाली बसली. नारळाचा भुगा उरला. सुगंधाबाई त्या भुग्याकडे पाहत राहिली.

मला वाटलं, आता तरी कळेल. पण महाराज उडी मारून पुढे आला. "पाह्यलं? जवळ उभी होती तरी पाडली तिनं!"

"हो, हो," गर्दी म्हणाली.

'अडकलं म्हंजे बसलं, असं समजू नोको.' वडिलांचा आवाज कानाशी आला, आणि धानाच्या तणसात पडलेलं निपल मी उचललं. गरम होतं. पदराने पुसलं. ट्रॅक्टरच्या हत्याराच्या डब्यात तडकलेलं जुनं निपल सापडलं. दोन्हींचे आटे एकमेकांत ठेवून मी उन्हाकडे धरले.

"गुणवंतभाऊ, पाहा. मधून उजेड येतो. दात दातात बसत नाहीत."

"मले तं सारखेच दिसते, बाई."

"सुगंधाबाई, टोपली द्या."

तिची टोपली पुढे येताच लोक दोन पावलं मागे सरकले. मी दोन फण्या घेतल्या, दिसायला सारख्या, पण दोन वेगळ्या कारागिरांच्या. दात दातांत घातले. पहिले दोन-तीन गेले, मग एकमेकांवर चढले. मग एकाच कारागिराच्या दोन घेतल्या. शेवटपर्यंत गपकन बसल्या.

"आट्यांचंही असंच आहे. जॅकचे आटे इंचाच्या मापाचे, आणि हे निपल मिलीमीटरच्या मापाचं. जाडी जवळजवळ तीच, पण दातांमधलं अंतर वेगळं. दोन-तीन फेरे जातं आणि अडकतं. हाताला वाटतं, घट्ट बसलं. रिकाम्या ट्रॉलीला तेलाचा जोर कमी लागतो, तेवढ्याला ते धरतं. पोती चढली की जोर वाढतो, आणि ते सुटतं. म्हणून महाराजांनी आधी पोती उतरवली!"

"अन् तो मंतरलेला दोरा?" गर्दीतून कोणी विचारलं.

"माझे वडील खाणीत नळाच्या सांध्याला हेच लावायचे. तेलात कालवलेला शेंदूर आणि दोरा. त्याने थोडी गळती थांबते. हा मंत्र नाही, फिटरचा सांधा आहे."

गुणवंतरावांनी जुनं निपल जॅकला लावून पाहिलं. दोन बोटांनी फिरवलं तर ते गरगर आत गेलं, शेवटपर्यंत. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अरे, हा महाराज तं ट्रकवर क्लीनर होता!" तोच म्हातारा पुन्हा बोलला. "वरोऱ्याले पाह्यलं मी याले, पाईप कसताना!"

"माझंही खरं मानू नका," मी म्हणाले. "निपल इथे आहे, फण्या इथे आहेत. हातात घ्या, फिरवून पाहा. स्वतःच्या हाताने पाहिल्याशिवाय कोणाच्या जिवावर उठू नका. आज तिथे नारळ होता, म्हणून आपण खुनी झालो नाही."

निपल हातोहात फिरू लागलं. महाराज मात्र हरला नव्हता.

"मानलं, निपल खोटं हाये," तो थंडपणे म्हणाला. "पन आलं कुठून ते? खरं तं डब्ब्यात पडलं होतं. खळ्याले दार कोनाचं लागून हाये? हिनंच बदललं!"

गर्दी पुन्हा वळली. माप चुकलं हे आटे सांगतात, कोणाच्या हातून चुकलं हे सांगत नाहीत. कोणीतरी सुगंधाबाईचे केस धरले. ती खाली पडली. टोपली उपडी झाली आणि पायांखाली फण्या कडकड मोडल्या.

"सोडा तिले!"

मनकर्णा गर्दीत घुसली होती. पदर खांद्यावरून घसरला होता, त्याचं तिला भान नव्हतं. तिने केस धरणारा हात झटकला.

"माह्या माणसानं बसवलं ते. जुनं फुटलं, चंद्रपूरहून नवं आनतो म्हने, तं मालक म्हनले, आजच धान हाललं पाह्यजे. मंग लाकडाच्या आरा मशीनच्या भंगारातून काढून आनलं त्यानं. बसत नव्हतं, पान्यानं दाबलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्याबरोबर मले सांगितलं."

गुणवंतराव खाली बसले.

"मंग आतापर्यंत काऊन गप होती, वो?" कोणीतरी विचारलं.

"त्याची चूक म्हनलं असतं तं मालकानं दवाखान्याच्या पैशातून हात काढला असता. मले वाटलं, इचं काय, एकटी हाये, इचं कोन हाये." ती सुगंधाबाईजवळ मातीत बसली. तिच्याकडे पाहायची हिंमत होत नव्हती, तरी तिने पाहिलं. "तुले त्या ट्रॉलीखाली बसवत होते, सुगंधाबाई. अन् मले सारं माहीत होतं."