दोन रेघांमधला फेरा

मित्रांनो, मी टायर आहे आणि आता जुना झालो आहे. पण जवळ येऊन पाहिलंत तर तुम्ही बुचकळ्यात पडाल. माझी नक्षी झिजलेली नाही. नव्या टायरच्या अंगावर बारीक रबरी केस असतात, ते माझ्या अंगावर अजून तसेच आहेत. मी पळून पळून म्हातारा झालो नाही, नुसता पडून पडून झालो. सध्या सुप्याजवळच्या एका वस्तीवर कांद्याच्या चाळीवरची ताडपत्री वाऱ्यानं उडू नये, म्हणून मला तिच्यावर ठेवलं आहे. हे काम दगडालाही जमलं असतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात तापलेल्या साच्यात झाला. साच्यातून निघालो तेव्हाच माझं माप अंगावर कोरलेलं होतं. दोनशे पंचवीस, चाळीस, अठरा. दोनशे पंचवीस मिलिमीटर माझी रुंदी. त्या रुंदीच्या शंभरातले चाळीस भाग माझ्या बाजूच्या भिंतीची उंची. आणि अठरा इंची रिम असेल तरच मी बसणार, नाहीतर नाही. माणसांची पत्रिका पेटीत असते, आमची अंगावर. तरी ती न वाचता टायर घेणारे लोक काही कमी नाहीत. माझी पत्रिका नीट वाचणारा एकच माणूस मला भेटला. त्यांचं नाव भिमाजी.

भिमाजींनी एस.टी.च्या डेपोत टायर विभागात बत्तीस वर्षं काढली. त्यांच्या खिशात कायम खडू असायचा. कुठलाही टायर हातात आला की ते त्यावर खडूची खूण करायचे, खूण जमिनीला टेकवून तिथं रेघ मारायचे आणि टायर सरळ लोटायचे. खूण फिरून पुन्हा जमिनीला टेकली की दुसरी रेघ. या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या टायरचा फेरा. चाक एकदा फिरलं की गाडी तेवढी पुढं जाते. "रिम कितीबी मोठी करा, फेरा बदलायचा न्हाई," असं ते म्हणायचे. त्यांचं आणखी एक बोलणं होतं, "बरूबर टायर बोलत न्हाई." म्हणजे बरोबर मापाचा टायर घासून आवाज करत नाही. हजारो गाड्यांना टायर चढवले त्यांनी, पण चालकाच्या शेजारी ऐटीत बसून कुठं जाणं काही त्यांच्या नशिबात आलं नव्हतं.

त्यांचा मुलगा अंगद सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. त्यानं पुण्याहून एक ठोकलेली, दोनच सीटांची लाल स्पोर्ट्स कार आणली आणि दारापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार वर्षं खपून ती उभी केली. पहिल्या दिवसापासून ठरलं होतं की गाडी झाली की शेजारच्या सीटवर आबा, म्हणजे भिमाजी, बसणार आणि दोघं नगरपर्यंत जाऊन येणार. भिमाजी रोज शेडमध्ये जाऊन त्या रिकाम्या सीटवरची धूळ पुसायचे. तोंडानं कधी बोलले नाहीत, पण वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं.

आता हौसेला मोल नसतं म्हणतात. गाडीची मूळची चाकं सोळा इंची होती. अंगदनं अठरा इंची मॅगव्हील, म्हणजे हलक्या धातूची चकचकीत चाकं, आणली. इथवर ठीक होतं. रिम वाढली की टायरची भिंत तेवढी कमी करायची, म्हणजे चाकाची एकूण उंची तितकीच राहते. पण अंगदला चाक आणि मडगार्डमधली मोकळी जागा डोळ्यांत खुपत होती. ती भरून दिसावी म्हणून त्यानं जास्त रुंद आणि जास्त उंच टायर घेतले. भिमाजींनी फेरा मोजला. तो मूळच्या फेऱ्यापेक्षा सहा बोटं जास्त भरला.

"आरं, नाकापरीस मोती जड झालाय. घासंल हे," ते म्हणाले.

"आबा, ही काय लाल डबा हाय का? समद्या पोरांच्या गाड्यांना असेच असत्यात," अंगद म्हणाला.

अंगद एकटा बसला तेव्हा गाडी मजेत चालली. मग भिमाजी पांढरी टोपी घालून शेजारी बसले, रतनबाईंनी, म्हणजे अंगदच्या आईनं, दोघांना ओवाळलं आणि गाडी निघाली. दोन माणसांच्या वजनानं ती बोटभर खाली बसली आणि रस्त्यावरच्या पहिल्याच गतिरोधकावर मागचा टायर मडगार्डला खर्रर्र करून घासला. पुन्हा घासला. रबर जळाल्याचा वास आला.

"थांबव. उतरतो म्या."

"बसा हो आबा, हळू घेतो."

"न्हाई बाबा. ही गाडी एकट्याचीच केलीस तू."

भिमाजी चालत घरी आले. रतनबाईंनी हे येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या वेळा सांगितलंय की माझं पाठ झालं आहे. पुढं दहा महिने बापलेक गाडीविषयी बोलले नाहीत. सीटवरची धूळही कुणी पुसली नाही.

पण शेवटी पोटचंच पोर. एके दिवशी अंगद मुकाट्यानं वडिलांपुढं येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, माप तुमी सांगा." भिमाजींनी मूळच्या टायरचा फेरा मोजून ठेवलेली सुतळी पेटीतून काढली. ती घेऊन दोघं नगरला गहिनीनाथ यांच्या दुकानात आले. मी तिथंच घोडीवर माझ्या तीन भावांबरोबर उभा होतो. भिमाजींनी माझे आकडे बोट फिरवून वाचले, सुतळी माझ्याभोवती गुंडाळली आणि हसले. फरक एका बोटाचा होता.

"एवढा चालतो. हाच पायजे," ते म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. आपण कुणाला तरी अगदी बरोबर बसतो, ही गोष्ट सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

घरी आल्यावर त्यांनी मला ओट्यावर घेतलं. सुतळीनं पटलं होतं तरी त्यांचं समाधान होईना. या खेपेला खडू नव्हता, दाराला लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट होता. त्यांनी माझ्यावर खूण केली, ती टेकवून ओट्याच्या कोब्यावर एक रेघ मारली, मला हळूच लोटलं आणि खूण खाली आल्यावर दुसरी रेघ मारली. बरोबर दोन मीटर. अंगदनं तोवर जॅक बाहेर काढला होता.

"आबा, आत्ताच चढवतो. सकाळी जाऊ नगरला."

इथंच आमचं नशीब फिरलं, आणि फिरवणारं कुणी वाईट नव्हतं. रतनबाई दारातून म्हणाल्या, "आरं, पितरपाट चालू हाय. नवी वस्तू कुनी लावतं का आत्ता?"

अंगदनं वडिलांकडं पाहिलं. त्या वेळी ते 'लाव रं' एवढं म्हणाले असते तर! पण भिमाजींनी बत्तीस वर्षं डेपोत दसऱ्याला हत्यारं पुजली होती. इतक्या वर्षांनी पोरगा आपल्या मापानं चालला, तर ते साजरं व्हावं, झेंडूची माळ घालून व्हावं, असं त्यांना वाटलं.

"ऱ्हाऊ दे. दसरा कुठं लांब हाय? एवढं थांबलो, अजून पंचवीस दिवस," ते म्हणाले.

आम्हा चौघांना ओट्यावर रचून ठेवलं. भिमाजी रोज सकाळी येऊन मला ओल्या फडक्यानं पुसायचे आणि विचारायचे, "काय, निघायचं का नगरला?" टायरला असं कुणी विचारतं का? घरातले हसायचे. मी मात्र दिवस मोजत होतो.

नवरात्राच्या पाचव्या माळेला ते मला पुसायला आले आणि फडकं त्यांच्या हातातून गळालं. ते उचलायला वाकले ते माझ्यावरच कोसळले. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचाही गेली. दसऱ्याच्या दिवशी घरातली सगळी नगरच्या दवाखान्यात होती. झेंडूची फुलं आणलीच नाहीत. आमच्यावर धूळ बसली.

दीड महिन्यानं भिमाजींना घरी आणलं. अंगदनं त्यांना बाजेवर टेकवलंसुद्धा नाही, उचलून थेट गाडीपाशी नेलं. स्पोर्ट्स कारची सीट जमिनीला टेकलेली, आत शिरायचं तर अंग चांगलं घडी करावं लागतं. लाकडासारखा झालेला तो पाय काही केल्या मुडपेना. अंगदनं या बाजूनं प्रयत्न केला, त्या बाजूनं केला. वडिलांचं डोकं छताला आपटलं. तरी तो सोडेना, तेव्हा भिमाजींनी डावा हात त्याच्या गालावर ठेवला आणि मान हलवली. अंगद तिथंच मातीत बसून लहान पोरासारखा रडला. रतनबाई म्हणाल्या, "देव देतो आन् करम नेतं. म्याच आडवी आले रं." त्यांची समजूत कुणालाच घालता आली नाही.

अंगदनं आम्हाला चढवलंच नाही. वरातीमागून घोडं कशाला? एकदाच तो त्या जुन्या, चुकीच्या टायरांवर एकटा नगरला जाऊन आला. परत आल्यावर आईला म्हणाला, "जाऊन येऊस्तर एकदाबी घासला न्हाई टायर." शेजारची सीट रिकामी होती, घासणार कसा? बरोबर टायर बोलत नाही म्हणतात. त्या दिवशी चुकीचाही बोलला नाही.

दोन वर्षांनी श्रीरामपूरच्या एकानं ती गाडी घेतली. अंगदनं आम्हाला त्याच्यापुढं ठेवलं, पण तो म्हणाला, "हायेत तेच ऱ्हाऊ द्या, भरदार दिसत्यात." गहिनीनाथांनीही आम्हाला परत घेतलं नाही. आमच्या अंगावर जन्माचा आठवडा आणि साल छापलेलं असतं. रबर न चालताही म्हातारं होतं, आतून कडक होतं, मग ते गाडीला लावणं धोक्याचं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. एक भाऊ गुरांच्या दावणीला गेला, दोघं माझ्याबरोबर या ताडपत्रीवर आहेत. उन्हानं माझ्या भिंतीला बारीक भेगा पडू लागल्या आहेत. आता मला कुणी रिमवर चढवेल, अशी आशा मी ठेवलेली नाही.

भिमाजींची बाज ओट्यावर असते. त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला आहे, "फेरा." पाणी हवं असलं तरी "फेरा", ऊन लागलं तरी "फेरा". रतनबाईंना बरोबर कळतं आणि त्या पाणी आणून देतात. संध्याकाळी अंगद कामावरून येतो, वडिलांचे पाय चेपतो. चाळीकडं तो बघत नाही. भिमाजी मात्र माझ्याकडं बघत असतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल, हौसेनं मोठी चाकं लावाल. खुशाल लावा. पण टायर घेताना दिसण्यावर जाऊ नका, आकडे वाचा, फेरा मोजा आणि शेजारी कोण बसणार आहे ते आठवा. आणि बरोबर मापाचा टायर मिळाला की तो त्याच दिवशी चढवा. त्याला धुऊन-पुसून मुहूर्ताची वाट बघायला लावू नका.

ओट्याच्या कोब्यावरच्या त्या दोन पांढऱ्या रेघा अजून गेलेल्या नाहीत. चाळीवरून मला त्या रोज दिसतात. एका रेघेवर भिमाजींच्या बाजेचे पाय टेकलेत. तिथून मी निघालो होतो आणि दोन मीटरवरच्या दुसऱ्या रेघेवर थांबलो होतो. मी स्वतः फिरून आयुष्यात केलेला प्रवास तेवढाच.