दुपारी एकचा सामना

मी तोरीसाकीच्या बेसबॉल मैदानावरचा तापमापक बोलतोय. मैदान राखणाऱ्यांच्या खोलीबाहेर खिळ्याला लटकलेला, लाकडी पाटीवर काचेची नळी बसवलेला, तोच मी. माझ्या पोटात पारा नाही, लाल रंगाचं स्पिरिट आहे. तरी लोक म्हणतात, "पारा उतरला." म्हणू देत बापडे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यातला. तिथल्या बाईंनी मला किसलेल्या बर्फात उभं केलं आणि लाल रेघ जिथं थांबली तिथं शून्याची खूण केली. थंडीशी ओळख अशी जन्मापासूनची, म्हणून तिच्यातलं मला सगळं कळतं असा माझा तोरा होता. तो कसा उतरला, तेच सांगायचंय.

मैदान राखणारे उनोकाका मला दिवसातून तीनदा बघायचे: सकाळी, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला. बघण्याआधी नळीवर टिचकी मारायचे. टिचकीनं काही होत नाही, पण सव्वीस वर्षं त्यांनी ती चुकवली नाही. मग वहीत आकडा लिहायचे. बाकीचे लोक तर आणखी गमतीचे. नाक लाल झालेलं असायचं, दात वाजत असायचे, तरी माझ्याकडे बघितल्याशिवाय "थंडी आहे" असं म्हणायचे नाहीत.

आमचं बंदर पार उत्तरेला. एप्रिल उजाडतो तरी कुंपणामागे मळकट बर्फाचे ढीग असतात. बेसबॉलचा हंगाम मात्र कुणासाठी थांबत नाही. सामने संध्याकाळी सहाला, कारण लोक कचेरीतून सुटून येणार. नऊ डावांतल्या तिसऱ्या डावापर्यंतच मी दोन अंशांवर घसरलेला असे. संघाला चेतवायला तुतारी वाजवणारा माणूस तुतारीचं तोंड काखेत धरून गरम करायचा. एका वर्षी अशाच गारठ्यात हिसामित्सु नावाच्या पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं, कोपर गेलं. पोरगा हात धरून खाली बसला तो उठलाच नाही, दोघांनी उचलून नेला.

संघाचं वेळापत्रक करणाऱ्या होसाकाबाईंना ते लागलं. सहाची वेळ त्यांनीच लिहिली होती. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि काकांच्या सगळ्या वह्या घेऊन पायरीवर बसल्या. एप्रिलमध्ये दुपारी एकला मी बहुतेक दहा-अकरावर असतो, हे माझ्याच आकड्यांतून निघालं. मला काय अभिमान वाटला म्हणता.

व्यवस्थापक मुराकोशीसाहेब माझ्याच समोर उभे राहून म्हणाले, "बाई, कामाच्या दिवशी भर दुपारी कोण येणार? समुद्रपक्षी?"

"संध्याकाळी तरी कोण येतं साहेब? येतात ते सातव्या डावाआधी पळतात."

"ठीक आहे. दुपारच्या पहिल्या सामन्याला हजार माणसं दाखवा. नाही जमली तर पुन्हा सहा वाजता, आणि पुढचं वेळापत्रक दुसरं कुणीतरी करेल."

बाईंनी शाळा, कचेऱ्या, स्टेशन, सगळीकडे कागद चिकटवले. मासळीबाजार तेवढा सोडला. बाजारातल्यांना बेसबॉलचं वावडं आहे, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. उनोकाकांचाही बाईंवर भरवसा नव्हता. रोज सकाळी बाजारात बांगडा घ्यायला जायचे, आणि परत येऊन मला सांगायचे की आज कुणाकुणाकडे बाईंच्या वेडेपणाचं गाऱ्हाणं गायलं.

सामन्याचा दिवस आला आणि मी दगा दिला. समुद्रावरून ढग चढले आणि दुपारी एकला मी चारावर होतो. होसाकाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या श्वासानं माझी काच धुरकटली, ती त्यांनी बाहीनं पुसली आणि पुन्हा बघितलं. चारच. माझ्या भरवशावर बाईंनी नोकरी पणाला लावली होती, आणि मला अर्धा अंश चढता येईना. बाकांवर तीनशे माणसंही नव्हती. साहेब घड्याळाकडे बघत राहिले.

दुसऱ्या डावात फाटकाकडून धपधप आवाज आला. रबरी गमबूट. एक नाही, दोन नाही, रांगच्या रांग. मासळीबाजार आला होता. लिलाव उरकून, फरशा धुऊन, जेवून थेट मैदानावर. प्रत्येकाच्या काखेत माशांच्या थर्माकोलच्या खोक्याचं झाकण. ते गार बाकावर टाकायचं आणि वर बसायचं. लिलाव पुकारणारा तर आपली घंटाच घेऊन आला होता.

सगळ्यांत पुढे शिगेआजी, सत्तरी ओलांडलेल्या, काकांना रोज बांगडा देणाऱ्या.

"शिगेताई, तुम्ही?" काका चाट पडले. "तुम्हा लोकांना तर बेसबॉल आवडत नाही."

"कोण म्हणतं? रात्री दोनला उठायचं तर सातला डोळा मिटायला नको? तीस वर्षं रेडिओ लावतेय. चौथ्या डावात झोप लागते. निकाल सकाळी पेपरात."

"पण दुपारचं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तूच. बाईंना वेड लागलंय, एकला सामना ठेवलाय, म्हणून रोज कोकलत होतास. अख्ख्या बाजाराला पाठ झालं."

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. मग हळूच म्हणाले, "आज चारच अंश आहे हो."

आजींनी आपले हात पुढे केले. लाल, सुजलेले, भेगाळलेले. "पहाटेपासून बर्फात आहेत हे. चार म्हणजे आम्हाला ऊबच की."

मी थक्क झालो. शून्याची खूण अंगावर मिरवणारा मी, आणि त्या हातांतल्या थंडीचा मला पत्ताच नव्हता. माझ्यावरच्या रेघा बरोबर होत्या, पण त्या आजींच्या काही कामाच्या नव्हत्या.

सातव्या डावात आकडा पुकारला गेला: एक हजार चाळीस. होसाकाबाई पायरीवर मटकन बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडल्या. साहेबांनी कुणाकडून तरी थर्माकोलचं झाकण मागून घेतलं आणि गुपचूप सामना बघायला बसले.

नववा डाव संपला. आम्ही एका धावेनं हरलो. माणसं उठली, पण शिगेआजी जागच्या हलल्या नाहीत. बाई त्यांच्याजवळ गेल्या. "आजी, हरलो आपण."

"हो, दिसलं की," आजी म्हणाल्या. मैदानावरची नजर त्यांनी काढली नव्हती. "तीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं."

आता उनोकाका निवृत्त झालेत. फलकावर विजेचे आकडे तापमान सांगतात. रंगकामाच्या वेळी मी पडलो, तेव्हापासून माझी लाल रेघ मधेच तुटलीय. या हिवाळ्यात ही भिंत पाडणार आहेत. मला खुशाल उतरवा, माझी तक्रार नाही. वेळापत्रक करणाऱ्यांना मात्र एवढंच सांगतो: एप्रिलमधली दुपारी एकची वेळ कुणी मागितली तरी सोडू नका. दुपारी शेवटचा डाव बघायला थांबणारी माणसं संध्याकाळी झोपलेली असतात.