सोनं उतरवून लावायचं मलम

केडगावच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे एक मुलगी हात वर करून उभी होती. कोपराच्या वर सावळा, खाली उजळ. बायका आ वासून बघत होत्या.

“वर रात्र, खाली पहाट!” मलम विकणारे कल्याणदादा लाकडी चमच्यानं डब्या भरता भरता ओरडले. बोटाबोटांत सोन्याच्या अंगठ्या, पण मलमाला बोट लागू देत नव्हते. मंदिरापाशी ते त्याला देवीचा अंगारा म्हणत, चर्चच्या आळीत अभिषेकाचं तेल. “अट एकच, माउल्यांनो. लावताना अंगावर सोनं नको. गर्व उतरला की काळेपण उतरतं!”

लिडिया कडेवरच्या जॉयला थोपटत भिंतीला टेकली होती. पोरीला दात येत होते, त्यामुळे दोघींनाही झोप नव्हती.

“लिडिया, तुझी पोर लई सावळी हाय गं,” शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या. “तिलाबी घे की.”

“घेतलीय की बारकी डबी,” सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. “पर हिचं रोज उद्या-उद्याच चाललंय.”

“उद्यापासून लावू, आई,” लिडिया म्हणाली. वाद घालायचंही त्राण नव्हतं.

घरात नणंद आराधना दोन महिने मलम लावत होती. श्रीगोंद्याचं स्थळ बघायला येणार होतं. चेहरा उजळला, मग गालही भरले. “बाळसं धरलंय पोरीनं!” जो तो म्हणे. लिडियाला मात्र दिसत होतं की आराधनाची चप्पल पायात शिरत नाही, आणि घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. हीच आराधना दिवसभर जॉयला गालाशी धरून हिंडायची.

मानेला मलम चोळून द्यायचं काम लिडियाकडे होतं. बाळंतपणापासून तिच्या बोटातली लग्नाची अंगठी निघत नव्हती, म्हणून ती तशीच चोळायची. एके सकाळी भांडी घासताना तिनं पाहिलं. अंगठी चांदीसारखी पांढरी पडली होती.

“अट मोडलीस, दुसरं काय,” सासूबाई म्हणाल्या.

लिडियाला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. सोनं असं कशानं पांढरं होतं, ते सरांनी एकदा बजावून सांगितलं होतं. तिनं वापरातली डबी, आराधना आणि जॉय यांना घेऊन नगर गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी आराधनाची लघवी तपासायला पाठवली आणि डबी तपासणीला. दोन्हींचं उत्तर एकच निघालं. “यात पारा आहे. पारा कातडीला तिचा रंग बनवू देत नाही, म्हणून उजळ दिसतं. पण तो कातडीत थांबत नाही, किडनीत जातो. हे बाळसं नाही, सूज आहे. लघवीला फेस येतो ना?”

आराधनानं मान खाली घातली. “येतो.”

“वेळेत आलात. मलम आजपासून बंद. मलम लागलेल्या उशा-टॉवेल घरातून काढा. हिच्या गालाचा, तुम्हा दोघींच्या हातांचा पारा बाळाला लागतो.” जॉयची तपासणी ठीक आली. लिडिया बाकावर बसून नुसती रडली.

पुढच्या रविवारी समाजमंदिर पुन्हा भरलेलं. लिडिया सरळ पुढे गेली.

“दादा, तुमची एक अंगठी या डबीत ठेवा. चार दिवसांनी काढू.”

“ताई, हे गुरूंनी दिलेलं सोनं आहे.”

“मग त्याला काय होणार?”

कल्याणदादांचा हात खिशात गेला. हशा पिकला. लिडियानं आपलं बोट वर केलं. “ही चर्चमध्ये घातली तेव्हा पिवळी होती. मलमातला पारा सोन्याला चिकटतो, चोरी उघडी पडते. सोनं उतरवायला सांगतात ते त्यासाठी. आराधनाची किडनी बिघडलीय यानं.”

“म्हंजी सोनं वाचवायचं अन् कातडं जाळायचं व्हय?” झुंबरबाई कडाडल्या.

कल्याणदादांनी पेटी उचलली. पांढरी गाडी मोठ्या रस्त्याला लागली. उद्या पाथर्डीत दुसरं नाव, दुसरा देव. लिडियाला ठाऊक होतं.

“बायांनो,” ती थकलेल्या आवाजात म्हणाली, “कुणी बनवलं, आत काय आहे, हे डबीवर नसेल तर लावू नका. लावलं असेल तर लघवी तपासून घ्या. आणि पोरींना काळी-काळी म्हणणं तरी थांबवा. असा दादा यायच्या आधी आपणच त्याचं गिऱ्हाईक तयार करून ठेवतो.”

घरी आल्यावर सासूबाईंनी कपाटातून जॉयसाठी घेतलेली बारकी डबी काढून लिडियाच्या हातात ठेवली. तिचं झाकण अजून एकदाही उघडलेलं नव्हतं.