घरच्या खुणा

धाकटी जन्मापासून बहिरी. तिला बहिऱ्यांच्या शाळेत घातलं होतं, पण आई न्यूमोनियाने गेली आणि वर्षभरात बापाने पोरीला घरी आणून बसवलं. तेव्हापासून तिची भाषा म्हणजे दोघी बहिणींनी लहानपणी खेळता खेळता जुळवलेल्या खुणा. ओठावर बोट फिरवलं की बाबा. वेणी ओढल्यासारखं केलं की थोरली. अख्ख्या जगात ही भाषा धड कळणारी माणसं दोनच, आणि दुसरी आपण आहोत हे थोरलीला चांगलं ठाऊक होतं.

थोरली पोस्टात खिडकीवर बसायची. जिभेवर साखर. धाकटी बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचे गठ्ठे, शिवायची. तिथल्या मालकीणबाई म्हणायच्या, "हिने शिवलेलं पुस्तक एक वेळ फाटेल, पण सुटणार नाही." घरी बाप अर्धांगवायूने पडलेला, वाचाही गेलेली. त्याची कूस बदलणं, भरवणं, पुसणं हे सगळं धाकटीच्या अंगावर. थोरली नुसती विचारपूस करायची.

कारखान्यातल्या कागद कापणाऱ्या कटिंगवाल्याने जेवणाच्या सुट्टीत बसून बसून धाकटीच्या वीसेक खुणा शिकून घेतल्या, आणि एका रविवारी तो तिला मागणी घालायला घरी आला. थोरलीने त्याला चहा दिला, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही भले माणूस दिसता म्हणून सांगते. तिला झटके येतात. डोकंही ठिकाणावर नसतं मधूनमधून. आईकडून आलंय. आई त्यातच गेली."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. पण थोरलीचं ठरलेलं लग्न बारा वर्षांपूर्वी मोडलं होतं ते याच बहिरीपायी. सासरच्यांना पाठीवर ओझं घेऊन येणारी सून नको होती. आता ओझं स्वतःच्या पायांनी चाललं, आणि बापाचं भांडं काढायला मागे कोण? हे तिने कुणापाशी बोलून दाखवलं नाही. स्वतःपाशीही नाही.

पंधरा दिवसांत कटिंगवाल्याने नोकरी सोडली. जाताना त्याने धाकटीला एवढंच करून दाखवलं: वेणी ओढली, कानशिलावर बोट गरगर फिरवलं, आणि तेच बोट तिच्याकडे केलं.

धाकटीचं अन्न सुटलं. एके दिवशी तिने दाभण स्वतःच्या तळव्यातून आरपार घातलं आणि बघत बसली. मालकीणबाईंनी थोरलीला बोलावून घेतलं. "हिला समुपदेशकाकडे न्या. त्यांनी सांगितल्याशिवाय मी हिच्या हातात सुई देणार नाही."

थोरलीला नाही म्हणायची सोय नव्हती.

खोली लहानशीच होती. दोन खुर्च्या, तिसरी बाहेरून आणलेली. समुपदेशक बाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. बोलताना त्या थोरलीकडे न बघता धाकटीकडे बघायच्या, ते थोरलीला पहिल्यापासूनच खटकलं.

"आजचा दिवस नुसता ओळखीचा," बाई म्हणाल्या. "सगळं आजच सांगून टाकायला हवं असं नाही. सांगा तिला."

थोरलीने खुणा केल्या: विचारलं तेवढंच सांग.

"रडू आलं तर खुशाल रडायचं. इथं कुणी अडवणार नाही."

इथं रडायचं नाही, थोरलीने सांगितलं. रडणाऱ्यांना कोंडून ठेवतात.

धाकटीने घाईघाईने डोळे पुसले. धीर द्यायला म्हणून बाई हसल्या.

"ती बोलेल ते या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. आणि मी तिला पटले नाही तर तिने दुसऱ्या कुणाकडे जावं, मला राग यायचा नाही."

हे मात्र थोरलीने सांगितलंच नाही. नुसते हात हलवले.

"आता ती का आलीय, ते तिच्याकडूनच ऐकू या."

धाकटीने एकदा बहिणीकडे पाहिलं. तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती. सांगायचं होतं जिच्याबद्दल, सांगायचं होतं तिच्याच तोंडून. तरी तिने हात उचलले. वेणी. तळहाताच्या कडेने कापल्याची खूण, म्हणजे कटिंगवाला. मग खोटं, खोटं. मी वेडी नाही. त्याला विचारा. हिने त्याला घालवलं. हात इतक्या जोरात चालले की खुर्ची करकरायला लागली. घामाने तिचं कपाळ भिजलं.

"ती म्हणते, झोप लागत नाही," थोरलीने सांगितलं. "बाबांची काळजी वाटते."

"एवढंच? ती बराच वेळ बोलत होती."

"खुणांना वेळ लागतो हो, मॅडम. एकच गोष्ट चारदा करते."

बाईंनी हवेतच वेणी ओढून दाखवली. "हे काय? हे सारखं येत होतं."

"आई. आईची आठवण काढते."

आपली खूण बाईंच्या हातात बघून धाकटीचा चेहरा एकदम उजळला. तिने जोरजोरात मान हलवली आणि बोट थोरलीवर रोखलं. ते बोट हटेना. थोरली हसली. "आता मीच तिची आई झालेय ना."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. उठताना धाकटीचा हात दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी मी हिला एकटीला भेटेन. खुणांची जाण असलेलं कुणीतरी शोधते मी. तिला सांगा, बरं झालं ती आली."

थोरलीने सांगितलं: बाई म्हणतात, तुझ्या डोक्यातच बिघाड आहे. पुन्हा येऊ नकोस.

धाकटीने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड हसत होतं. तिने हात हिसकून घेतला.

बुधवारी थोरलीने फोन केला. "आता बरी आहे. यायचं नाही म्हणते."

"तिने तसं मला सांगू दे," बाई म्हणाल्या.

"ती कशी सांगणार?" म्हणत थोरलीने फोन ठेवला. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

पण पहिल्या दिवशी समुपदेशक बाईंकडे भरलेल्या अर्जावर कारखान्याचं नाव तिनेच लिहिलं होतं. पुढचं सगळं तिला मालकीणबाईंनी सांगितलं, तेही उभ्या उभ्या, आत न बोलावता. बाई कारखान्यात आल्या, सोबत बहिऱ्यांच्या शाळेतले म्हातारे मास्तर. मास्तर स्वतः बहिरे. घरोघरच्या खुणा समजून घेण्यात आयुष्य गेलेलं. बाईंना बघताच धाकटी कागदाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन लपली. मास्तर काही न करता तिथंच बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली, आणि थोरलीने केलेला सगळा ध चा मा उघडा पडला.

"त्या कटिंगवाल्यालाही निरोप धाडला मास्तरांनी," मालकीणबाई म्हणाल्या. "त्याचं लग्न झालं गेल्या महिन्यात. तुमचं काम फत्ते."

धाकटी घर सोडून गेली नाही. वेळेवर यायची, बापाची कूस बदलायची, भरवायची. फक्त थोरलीने हात उचलला की ती डोळे मिटून घ्यायची. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की पुढच्याने भिंतीशी बोलावं. थोरलीने खांदे धरून हलवलं, पाया पडली, एकदा तर बोटांनी तिच्या पापण्या उघडल्या. नुसती बुबुळं दिसली. त्यांत ओळख नव्हती.

शेवटी थोरली एकटीच समुपदेशक बाईंकडे गेली.

"मला तिची माफी मागायचीय."

"मागा."

"ती बघतच नाही माझ्याकडे."

"मग तिला बघायचं नाहीये."

"इथं काय सांगते ती माझ्याबद्दल?"

"ते तुम्हाला कळणार नाही," बाई म्हणाल्या. मग कागदावर एक नाव लिहून त्यांनी पुढे सरकवलं. "या दुसऱ्या समुपदेशक आहेत. तुम्ही यांच्याकडे जा."

"मला काय झालंय?" थोरली म्हणाली, आणि कागद तिथंच टाकून उठली.

उन्हाळा संपता संपता धाकटीच्या खुणा बदलल्या. गुरुवारी ती बाईंकडे जायची, रविवारी मास्तरांच्या शाळेत. तिथल्या खुणा भराभर जायच्या, बोटं वेगळीच वळायची. घरच्या जुन्या खुणा तिने टाकून दिल्या, अंगाला लहान झालेले कपडे टाकावेत तशा.

एका संध्याकाळी थोरली कामावरून आली तर बापाच्या खोलीत दिवा होता. धाकटी खाटेच्या कडेला बसून बापाला काहीतरी करून दाखवत होती, सावकाश, पुन्हा पुन्हा. बापाचा डावा हात तेवढा हलायचा. तो थरथरता हात उचलून त्याने तिची नक्कल केली. चुकली. तिने त्याची बोटं धरून सरळ केली. त्याने पुन्हा केली, जमली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा बापाच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला.

थोरली उंबऱ्यात उभी होती. यातलं तिला काहीही कळलं नाही.

"बाबा," तिने विचारलं, "काय म्हणाली ती?"

बापाला ऐकू येत होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग हात पांघरुणाखाली ओढून घेतला. धाकटीने त्याची उशी नीट केली आणि त्याची कूस भिंतीकडे वळवून दिली.